‘केमिकल-फ्री’ क्रीमच्या डबीत निघालं स्टेरॉइड

चेहऱ्यावरची जुनी लाली, खाज आणि सालपटं एखाद्या ‘नैसर्गिक’ क्रीमने दोन-तीन रात्रींत गायब केली, तर खूश होण्याआधी शंका घ्या. इतकं झटपट काम करणारी औषधं आहेत आणि योग्य हातात ती चांगलीही आहेत. पण त्यांच्या ट्यूबवर त्यांचं नाव छापलेलं असतं. माझ्या डबीवर छापलं होतं: कोरफड, हळद, कॅमोमाइल, शिया बटर, बाकी काही नाही.

ज्यांची त्वचा पटकन बिघडते त्यांना माझी अवस्था वेगळी सांगायला नको. साध्या साबणाने गाल ताणल्यासारखे होतात, नवा शाम्पू लावला की मानेवर आणि कानामागे पुरळ, सकाळी पापण्या सुजलेल्या. दुकानात बाटली उचलायची, मागची बारीक अक्षरं वाचायची आणि परत ठेवून द्यायची. घरचे म्हणतात, इतकं कसलं नाजूक. या सगळ्याचा माणसाला कंटाळा येतो आणि असे धंदे नेमके त्या कंटाळ्यावर चालतात.

मी घेतला तो पूर्ण सेट होता: क्रीम, शाम्पू आणि केसांना लावायचं तेल. सगळं ऑनलाइन. आधी एक लांबलचक प्रश्नावली भरायची. त्वचा कशी आहे, झोप लागते का, पोट साफ होतं का, आधी कोणती औषधं घेतली. ती भरली की हा सेट विकणाऱ्या बाई स्वतः फोन करायच्या. बोलणं अतिशय गोड. “ताई, मीही यातून गेलेय, मला तुमचा त्रास कळतो.” कुठल्याच दवाखान्यात कुणी माझं इतका वेळ ऐकून घेतलं नव्हतं, हेही तितकंच खरं. मग मुद्द्यावर यायच्या: “डॉक्टर तुम्हाला स्टेरॉइड देतात ना? ते तात्पुरतं दाबतं, त्वचा कायमची खराब करतं. आमच्याकडे तसलं काही नाही. तुमच्या प्रकृतीनुसार तुमच्यासाठी वेगळं बनवू.” (पुढे तिच्या इतर ग्राहकांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की कोरड्या, तेलकट, लहान, मोठ्या, सगळ्यांच्या प्रकृतीला तीच डबी जात होती.)

डबी उघडली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली होती. हळदीचा अर्क आहे म्हणे, पण क्रीम पांढरंफेक. पांढऱ्या रुमालावर घासून बघितलं, पिवळेपणाचा मागमूस नाही. वास नाही, वनस्पतीचा हिरवटपणा नाही, कुठे गुठळी नाही. घरगुती मलमाला कधी नसतो असा एकसारखा गुळगुळीतपणा. विचारलं तर उत्तर तयार: “आम्ही रंग काढून टाकलेला शुद्ध अर्क वापरतो, ताई.” असा रंगहीन अर्क मिळतो, त्यामुळे उत्तर पटण्यासारखंही होतं. फसवणारा माणूस सगळंच खोटं बोलत नाही, म्हणून तर तो पकडला जात नाही.

क्रीमने चमत्कार केला. लाली उतरली, खाज थांबली, पापण्या हलक्या झाल्या. ओळखीचे विचारायला लागले की काय लावतेस. डबी संपली आणि नवी यायला उशीर झाला तशी चेहऱ्याची आग सुरू झाली. आधी कधी नव्हता इतका चेहरा लाल, गरम. तोंडाभोवती बारीक फोडांचं कडं, पण ओठांच्या अगदी कडेला मात्र एक अरुंद पट्टी स्वच्छ. बाईंना फोटो पाठवले. “छान! टॉक्सिन बाहेर पडतायत. मध्येच थांबलात म्हणून झालं. दिवसातून दोनदा लावा, खंड पडू देऊ नका.” नवी डबी आली, लावली, आणि खरंच सगळं शांत झालं.

या सापळ्याची खुबी इथेच आहे. तीव्र स्टेरॉइड त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसवतं आणि दाह दाबून टाकतं. रोज लावत राहिल्यावर अचानक बंद केलं की त्या वाहिन्या फुलतात आणि दाह दुप्पट जोमाने उसळतो. पुन्हा लावलं की उतरतो. ग्राहकाला वाटतं क्रीम सोडल्यामुळे रोग परत आला, क्रीमच आपल्याला तारतंय. बंद केल्यावर होणारा त्रासच विक्रेत्याची जाहिरात करतो. दर वेळी डबी थोडी लवकर संपते हेही तेव्हा फारसं जाणवत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझा चेहरा बघितला आणि आजार काय हे विचारण्याआधी विचारलं, “काय लावत होतात?” हर्बल आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, डबी घेऊन या. तोंडाभोवतीचं ते फोडांचं कडं आणि ओठांलगतची कोरी पट्टी हे चेहऱ्यावर स्टेरॉइड लावणाऱ्यांमध्ये त्या नेहमी बघतात. त्यांच्या सांगण्यावरून क्रीम प्रयोगशाळेत तपासलं. अहवालात नाव आलं क्लोबेटासोल प्रोपियोनेट. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमध्ये सर्वांत तीव्र गटातलं हे औषध. तळहात-तळपायाच्या जाड त्वचेवरच्या हट्टी चट्ट्यांसाठी ते देतात, तेही मोजक्या दिवसांसाठी. चेहरा आणि पापण्या यांवर ते लावू नये म्हणून डॉक्टर बजावतात.

का बजावतात, तेही सांगते. सगळ्या अंगाची त्वचा औषध सारखं शोषत नाही. 1967 साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिझोन लावून हे मोजलं होतं. कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला जितकं शोषलं गेलं, त्याच्या सुमारे सहापट कपाळावर आणि तेरापट जबड्याच्या कोपऱ्यावर. हायड्रोकॉर्टिझोन हे तर सौम्य स्टेरॉइड. क्लोबेटासोल तशाच जागी महिनोन्महिने चोळलं तर त्वचा पातळ होते, तांबड्या बारीक शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते. पापण्यांवर लावत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका. आणि या बाईंच्या ऑनलाइन पानावर बाळांच्या आया लिहायच्या, “आमच्या सोनूला लगेच आराम पडला.” बाळाच्या त्वचेतून इतकं औषध शरीरात जाऊ शकतं की त्याच्या स्वतःच्या ग्रंथींचं काम मंदावतं. माझ्या चेहऱ्यापेक्षा मला याचा राग जास्त आहे.

स्टेरॉइड म्हणजे विष, असं कृपा करून यातून काढू नका. एक्झिमा भडकला की योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेल्या मुदतीसाठी लावलेलं स्टेरॉइड उपयोगीच पडतं. उलट लोकांच्या मनात त्याची जी भीती बसली आहे, तिच्यावरच या बाईंचं दुकान उभं होतं. स्टेरॉइडची भीती घालायची आणि स्टेरॉइडच विकायचं! मी त्या क्रीमला हर्बल समजत होते आणि डॉक्टरांनी ज्याला हात लावू दिला नसता ते तोंडाला फासत होते. तुम्हीही असं काही लावत असाल असं वाटलं, तर चिडून एका दिवसात फेकून देऊ नका. कसं बंद करायचं ते डॉक्टरला ठरवू द्या. माझं सुटायला बरेच महिने गेले आणि ते दिवस वर्णन करण्यासारखे नाहीत.

शाम्पूची भानगड वेगळीच निघाली. क्रीम सुटल्यावरही मान, कानामागचा भाग आणि पापण्या यांचं दुखणं चालूच राहिलं. शाम्पूचा फेस धुताना जिथून ओघळतो, बरोब्बर त्या वाटेवर. डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली: पाठीवर छोट्या चकत्यांमधून निरनिराळे पदार्थ चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि आणखी दोनेक दिवसांनी पुन्हा बघतात. माझी पाठ मेथिलआयसोथायाझोलिनोनवर लाल झाली. हे एक परिरक्षक आहे, पाण्याच्या उत्पादनात जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने 2013 साली त्याला ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. युरोपीय संघाने 2017 पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी घातली, धुऊन टाकायच्या प्रसाधनांत अगदी अल्प प्रमाण ठेवलं.

शाम्पूच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत होतं ‘पॅराबेन-फ्री, सल्फेट-फ्री’. गंमत अशी की त्याच सोसायटीने 2019 मध्ये पॅराबेनला ‘नॉन-अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ म्हटलं, कारण अ‍ॅलर्जीच्या बाबतीत पॅराबेन हे सर्वांत कमी त्रास देणाऱ्या परिरक्षकांपैकी आहेत. म्हणजे कमी त्रासाचं काढलं म्हणून मिरवायचं आणि जास्त त्रासाचं घातलं ते मागच्या बाजूला, वाकलेल्या चिकटपट्टीच्या शेवटच्या ओळीत. हा गुन्हा नाही, पण लबाडी आहे, आणि ती मोठमोठे उत्पादकही करतात.

एकूणच पुढच्या बाजूचे शब्द वाचून काही कळत नाही, या मताला मी आले आहे. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (म्हणजे अ‍ॅलर्जीची शक्यता कमी असलेलं) हाच शब्द बघा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1975 साली नियम केला की हा शब्द लावायचा तर तसं चाचणी करून दाखवा. दोन सौंदर्यप्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1977 च्या अखेरीस अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं’ म्हणजे कोणी, किती जणांवर तपासलं आणि निघालं काय? ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या बाटलीत मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो, आपल्याला हवं असतं ते ‘फ्रेग्रन्स-फ्री’. लव्हेंडर आणि टी ट्री तेल नैसर्गिक असतात आणि अ‍ॅलर्जीही करतात. केस काळेभोर करणारी ‘शुद्ध मेंदी’ विकणाऱ्याला तर सरळ खोटारडा समजा: मेंदी एकटी केशरी-तांबडा रंगच देते, काळा रंग बहुधा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो आणि त्याची अ‍ॅलर्जी डोळे मिटून जातील इतका चेहरा सुजवू शकते.

आता मी काय बघते ते सांगते. उत्पादकाचं नाव आणि पत्ता, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख नसेल तर पुढे वाचतच नाही. घटकांची यादी पूर्ण हवी. ती जास्तीकडून कमीकडे लिहिण्याचा संकेत आहे, एक टक्क्याखालचे घटक मात्र कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. यादीत पाणी किंवा कोरफडीचा रस आहे आणि परिरक्षक एकही नाही, पण डबी वर्षभर टिकते असं सांगतात? मग एकतर यादी खोटी किंवा डबीत जंतूंची वस्ती. नवी वस्तू एका वेळी एकच आणते, आणि चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, रोज दोनदा, आठवडा-दीड आठवडा लावून बघते. एकदा लावून काही झालं नाही याला अर्थ नसतो, अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. पण हेही लक्षात ठेवा की माझं ते क्रीम या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झालं असतं. स्टेरॉइडने पुरळ उठत नाही, दबतं. त्यामुळे ही चाचणी भेसळ पकडत नाही. तिथे डबीवरचा कागद आणि विक्रेत्याची भाषा यांवरच भिस्त.

आणि ती भाषा ओळखता येते. “टॉक्सिन बाहेर पडतायत”, “आधी वाढेल मग जाईल”, “डॉक्टरांना दाखवू नका, ते घाबरवतील”, “गुप्त फॉर्म्युला आहे”. सौम्य मॉइश्चरायझरला गुप्त काही नसतं. साधी पेट्रोलियम जेली माझ्या त्वचेला आजवर कधी बाधली नाही, आणि ती लावून कुणी आदल्या दिवशीचे-दुसऱ्या दिवशीचे फोटो टाकत नाही.

अहवाल हातात आल्यावर बाईंना कळवलं. पहिल्यांदा म्हणाल्या, प्रयोगशाळा विकली गेलेली आहे. मग म्हणाल्या, तुम्हीच त्यात काहीतरी मिसळलंत, आमची बदनामी केलीत तर नोटीस पाठवू. चोराच्या उलट्या बोंबा! पैसे परत मागितले तर “उघडलेला माल परत घेत नाही”. संध्याकाळपर्यंत मला ब्लॉक केलं होतं, मी लिहिलेला अभिप्राय पुसला होता आणि घटकांची यादी असलेली पोस्टही गायब होती. माझ्याकडे त्या सगळ्याचे स्क्रीनशॉट होते ते निव्वळ सवयीमुळे. तुम्हाला संशय आला तर आधी जाहिरात, यादी, बोलणं, पैसे दिल्याची नोंद आणि पार्सलवरचा पत्ता साठवा, मग जाब विचारा.

औषध नियंत्रण विभागाकडे तक्रार केली. तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, अहवालाची प्रत ठेवली आणि विचारलं, न उघडलेली डबी आहे का? वापरलेल्या डबीवर विक्रेता सहज म्हणू शकतो की भेसळ ग्राहकाने केली, नेमकं बाई म्हणाल्या तसंच. माझ्याकडची प्रत्येक डबी उघडलेली होती. शेवटी तिच्याच एका ग्राहक मुलीने कपाटात पडलेली सीलबंद डबी आणून दिली, तेव्हा कागद पुढे सरकले. तुमच्याकडे अशा सेटमधलं काही अजून न उघडलेलं असेल, तर ते फेकू नका, परत पाठवू नका आणि उघडूही नका.