जीपीयू शंभर टक्के: सेटिंग बदलावी, कॅबिनेट साफ करावं की नवं कार्ड आणावं?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूपुढे, म्हणजे ग्राफिक्स कार्डापुढे, ९८ टक्के दिसले की बहुतेकांचा हात थेट नव्या कार्डाच्या किमतीकडे जातो. त्याआधी एवढंच बघा, हा आकडा कधी चढतो. गेम चालू असताना चढत असेल तर तो बिघाड नाही, कार्ड पुरेपूर राबतंय. काहीच चालू नसताना चढला, तर मात्र मागे कोणीतरी बसून खातंय. त्यातही एक गोम आहे. रिकामं असताना कार्ड आपला वेग बराच खाली आणतं आणि टक्केवारी मोजते ती कार्ड किती वेळ गुंतलं ते. त्यामुळे मंद वेगावर किरकोळ कामही ३० टक्के दिसतं. तापमान कमी असेल तर त्याची चिंता सोडा.

सेटिंग बदलण्याला पैसे लागत नाहीत, म्हणून सुरुवात इथूनच. प्रोसेसेसच्या यादीत जीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. बहुतेक वेळा तो हलता वॉलपेपर, एखादा गेम लाँचर किंवा उघडा राहिलेला ब्राउझर निघतो. टास्क मॅनेजर उघडताक्षणी पंख्याचा आवाज खाली आला तर तुमच्या कार्डावर लपून क्रिप्टो चलन खणणाऱ्या मालवेअरचा, म्हणजे घातक प्रोग्रामचा, संशय घ्या. असले काही प्रोग्राम पाहणारा आला की गप्प बसतात. अशा वेळी ऑफलाइन स्कॅन करा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच होणारी व्हायरस तपासणी.

गेमवाल्यांसाठी मात्र माझं मत ठाम आहे, आधी फ्रेम मर्यादा लावा, म्हणजे कार्डाने सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) काढायची ते बांधून द्या. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, आणि कार्ड सेकंदाला १८० फ्रेम काढतंय, तर त्यातल्या १२० तुम्हाला धड दिसतही नाहीत. वीज जाते आणि खोली तापते. एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ही मर्यादा २०२० पासून आहे, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय आहे. मे महिन्यात मालवणात दुपारी गेम खेळणाऱ्याला याचा फरक पंख्याच्या आवाजातच कळेल. फ्रेम अगदी काट्याला काटा मोजणारे स्पर्धात्मक खेळाडू हे मान्य करणार नाहीत, ते ठीकच.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पुसून नव्याने टाकणं हा उपाय सरसकट करू नका. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर करा, आणि नवी फाईल आधी उतरवून ठेवा. ती शेकडो एमबीची असते, आणि पावसात आपल्याकडे लाईट नि नेट दोन्हींचा भरवसा नसतो.

साफसफाईचं मात्र वेगळं आहे. कॅबिनेट साफ केल्याने टक्केवारी सहसा उतरत नाही, उतरतं ते तापमान. पण तापलेलं कार्ड स्वतःचा वेग आवरतं, त्यामुळे १०० टक्के दाखवूनही गेम अडखळतो. किनाऱ्यावर हे जास्त घडतं. आपल्याकडची धूळ कोरडी नसते. दमट हवेत ती कार्ड थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांच्या मधे चिकट थर होऊन बसते, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, मागचे स्क्रू तांबूस होतात. कॅबिनेट खिडकीपाशी, खाऱ्या वाऱ्यावर ठेवलेलं असेल तर आधी तिथून हलवा. मग मशीन बंद करून प्लग काढा, पंखा बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअरने वारा मारा. पंखा गरगर फिरू दिला तर बेअरिंग जाण्याची भीती. ओला कपडा अजिबात नको. मिरगाआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, एवढं पुरतं. जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलायची तर ते काम हात बसलेल्या माणसाकडेच द्या.

आता नवं कार्ड. मर्यादा लावून, सेटिंग मध्यम करून, साफ करूनही हवा तो गेम धड चालत नसेल तरच. इथे फक्त कार्डाची किंमत धरू नका. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५० कार्डाचं मूळ मॉडेल ७५ वॉटमध्ये भागतं, आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, त्यावर प्रोसेसर आणि मॉनिटरही चालवायचा. ३०६० घेतलं तर पॉवर सप्लाय आणि यूपीएसचा खर्चही बहुधा मागोमाग येतो, आणि लाईट गेली की गेम सेव्ह करायला जेमतेम सवड मिळते. रत्नागिरीला किंवा कुडाळला दुकानात जाताना जुन्या पॉवर सप्लायवरच्या स्टिकरचा फोटो आणि कॅबिनेटमधल्या मोकळ्या जागेची लांबी सोबत न्या. कार्ड बसेना म्हणून परत फेरी मारावी लागत नाही.