जुना देऊन वर किती? मिनी ट्रॅक्टर बदलताना होणारी फसवणूक

पंधरा-अठरा एचपीचा मिनी ट्रॅक्टर सात-आठ वर्षं वापरला की द्राक्ष-डाळिंबवाल्याला तो अपुरा पडू लागतो. ब्लोअर, म्हणजे औषध फवारणीचा पंखा, लावून चढावर गेलं की इंजिन दबतं, पावसानंतर ओल्या काळ्या रानात मागचं चाक जागीच फिरतं. मग सत्तावीस-अठ्ठावीस एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घ्यायचं घरात ठरतं. शोरूममध्ये गेल्यावर आपण पहिलं विचारतो, "जुना देऊन वर किती?" पैसे जातात ते याच प्रश्नाने. जुन्याची किंमत, नव्याची किंमत, पासिंग, विमा, अवजारं, कर्ज असे सहा वेगळे हिशोब एका आकड्यात मिसळायची परवानगी आपणच देऊन टाकतो.

नाशिककडच्या द्राक्षपट्ट्यात असा सौदा कसा होतो याचा हा नमुना. आकडे समजण्यापुरते आहेत, पद्धत मात्र हीच. गावात जुन्या 18.5 एचपीला 2,10,000 रुपये देणारं गिऱ्हाईक आहे. शोरूमवाला म्हणतो, "दादा, तुम्ही आपले म्हणून 2,60,000 धरतो. वर 5,60,000 द्या, उद्या गाडी दारात." पन्नास हजार जास्त मिळाल्याच्या आनंदात सौदा होतो. म्हणजे नवा ट्रॅक्टर पडला 8,20,000 ला. पक्कं बिल मात्र निघतं 6,90,000 चं. पासिंग आणि विम्याचे खरे 25,000. उरलेले 1,05,000 एका कोऱ्या कागदावर 'ॲक्सेसरीज व हँडलिंग' म्हणून लिहिलेले असतात. त्यात बंपर, हूक, टॉप लिंक, टूलबॉक्स असं सामान असतं, ज्यातलं बरंच कंपनीकडून ट्रॅक्टरसोबतच येतं. जुना गावात विकून तोच ट्रॅक्टर रोखीने घेतला असता तर 7,15,000 वजा 2,10,000, म्हणजे 5,05,000 लागले असते. पन्नास हजार मिळाल्यासारखे वाटले आणि खिशातून पंचावन्न हजार जास्त गेले.

यावर उपाय म्हणजे जुन्या ट्रॅक्टरचं नावच काढायचं नाही. आधी दोन-तीन शोरूममधून नव्याचं लेखी कोटेशन घ्यायचं. त्यात मॉडेलचं पूर्ण नाव, टायरची साइज, पॉवर स्टिअरिंग आहे की नाही, पासिंग, विमा, सोबत येणारं सामान हे सगळं ओळीओळीने लिहिलेलं हवं. कोटेशन हातात आल्यावरच जुन्याचा विषय काढा. त्या दिवशी नव्याचा भाव बदलला, तर जुन्याची वाढीव किंमत कुठून निघणार ते कळतंच.

भावपत्रिकेची तारीखही बघा. शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. मूळ किंमत साडेसहा लाख धरली तर नुसत्या या बदलाने 45,500 रुपये उतरतात. जुनी भावपत्रिका पुढे ठेवून 'चाळीस हजार डिस्काउंट' कोणी दाखवत असेल, तर ती सूट त्याच्या खिशातली नाही. "नवीन इंजिनचे नियम येतायत, पुढच्या महिन्यात भाव वाढणार" हेही ऐकवतात. 1 जानेवारी 2023 ला लागू झालेले ट्रेम-4, म्हणजे इंजिनच्या धुराचे, नियम 50 एचपीवरच्या ट्रॅक्टरांसाठी होते. त्या नावाने 28 एचपीवाल्याला घाई करायचं कारण नाही.

कर्जाचा आकडा याहून आत लपलेला असतो. "फक्त आठ टक्के" म्हणतात, तो बहुधा फ्लॅट दर असतो. चार लाख, पाच वर्षं, आठ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज 1,60,000 आणि 56,000 चे दहा सहामाही हप्ते. मुद्दल दर हप्त्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण चार लाखांवरच मोजलेलं असतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर हा दर वर्षाला सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेचा साडेदहा टक्के घटता दर याच्यापेक्षा स्वस्त पडतो. म्हणून सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागायचं आणि त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, तेवढाच बघायचा.

आता एचपीकडे येऊ, कारण मोठा ट्रॅक्टर घेण्याचं मूळ कारणच ते आहे. बोनेटवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो. ब्लोअर आणि रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) चालतात ते पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर. मधल्या गिअरमध्ये, हायड्रॉलिक पंपात, पंख्यात ताकद खर्च होते. सत्तावीस-अठ्ठावीस एचपीच्या ट्रॅक्टरांमध्ये पीटीओला मिळणारी ताकद मॉडेलनुसार साधारण 19 ते 24 एचपी इतकी वेगवेगळी असते. म्हणजे दोन ट्रॅक्टरांवर आकडा जवळपास सारखा असूनही ब्लोअरला मिळणाऱ्या ताकदीत पाच एचपीचा फरक पडू शकतो. विक्रेता हा आकडा आपणहून सांगत नाही. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची मोजलेली ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता सगळं असतं. त्या मॉडेलचा अहवाल मागा. "साहेब, ते कोण वाचतं" असं उत्तर आलं तर दुसरं शोरूम गाठा.

लिफ्टच्या बाबतीत तर कागदावरचा शब्द न् शब्द वाचायला हवा. माहितीपत्रकातली क्षमता बहुतेक वेळा खालच्या लिंकच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या मागच्या दांड्यांच्या, टोकाशी मोजलेली असते. वजन टोकापासून 610 मिलिमीटर मागे धरलं की तोच आकडा उतरतो, आणि आपलं ओझं तिथेच, मागेच असतं. 400 लिटरची माउंटेड टाकी भरली की पाण्याचेच 400 किलो होतात, वर पंप, पंखा, सांगाडा. वजनाचा मध्य लिंकच्या बराच मागे येतो, पुढची चाकं हलकी होतात आणि बांधावरून वळताना स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे लावायची वजनं सोबत येतात की वेगळी विकत घ्यावी लागतात, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

डेमो शोरूमच्या आवारात घेऊ नका. आपल्या रानात, आपलाच ब्लोअर लावून, टाकी भरून, सगळ्यात चढाच्या ओळीत किमान तासभर चालवून बघा. हातातला टॅकोमीटर घ्या, पीटीओ शाफ्टवर चमकती पट्टी चिकटवा आणि आरपीएम मोजा. भार नसताना 540 येणं सोपं असतं. चढावर, पंखा चालू असताना किती राहतात ते बघायचं. पंख्याची हवा आरपीएमच्या प्रमाणात घटते. 540 चे 480 झाले की हवा नऊ भागांतला एक भाग कमी झाली असं समजा. मग दाट कॅनॉपीत औषध आतल्या पानांपर्यंत पोचत नाही, आणि डावणी-भुरी या रोगांचा दोष आपण औषधाला देत बसतो. डेमोच्या ट्रॅक्टरचा चेसिस नंबर, टायरची साइज आणि मॉडेलच्या नावामागची अक्षरं लिहून ठेवा. डेमोला पॉवर स्टिअरिंगचा आणायचा आणि डिलिव्हरीला त्याच नावाचा साधा द्यायचा, हा जुना डाव आहे.

"तुमची जुनी अवजारं याला चालतील." या एका वाक्याने पुढच्या हंगामात सगळ्यात जास्त खर्च होतो. मोठ्या ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी जास्त असते. जुना तीन फुटी रोटर चाकांच्या आतच राहतो आणि दोन्ही बाजूंना चाकाने दाबलेले पट्टे तसेच कडक राहतात. रोटर टायरच्या बाहेरच्या कडेइतका तरी रुंद हवा, म्हणजे बहुधा नवा चार फुटी आला. पीटीओ आणि अवजार जोडणाऱ्या कार्डन शाफ्टचंही तसंच. जुन्या ट्रॅक्टरच्या मापाचा शाफ्ट नव्याला लांब पडला, तर लिफ्ट वर-खाली होताना त्याच्या दोन नळ्या टोकाला जाऊन भिडतात आणि पीटीओचं बेअरिंग आतून फुटतं. आखूड पडला तर नळी निम्म्यात सुटते. सगळ्यात जवळच्या स्थितीत दोन बोटं मोकळी राहायला हवीत, आणि सगळ्यात लांबच्या स्थितीत नळीचा किमान एक तृतीयांश भाग एकमेकांत बसलेला हवा. 'फुकट' रोटर देत असतील तर त्याचं वजन, पात्यांची संख्या आणि शाफ्टला शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटणारा) किंवा क्लच आहे का ते बघा. नुसता सांगाडा रंगवून दिलेला रोटर मुरमाड रानात एका हंगामात बसतो. आणि सौद्याच्या शेवटी "पुढचे टायर मोठे टाकून देतो" म्हटलं तर नको म्हणा. फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचा फिरण्याचा हिशोब कारखान्यात बांधलेला असतो. फक्त पुढचे किंवा फक्त मागचे टायर बदलले की पुढच्या एक्सलच्या गिअरवर कायम ताण राहतो. पक्क्या रस्त्यावर तो ताण सोडायला चाक घसरतही नाही, आणि पुढचे बेव्हल गिअर जातात. याची वॉरंटी कोणी देत नाही.

नवा म्हणून डेमोचा ट्रॅक्टर गळ्यात मारण्याचे प्रकार होतात. तासाच्या मीटरची वायर काढून दीडशे तास चालवलेला, धुऊन-पुसून काळ्या पॉलिशने चमकवलेला ट्रॅक्टर 'तीन तास' दाखवतो. मीटर फसवू शकतं, लोखंड फसवत नाही. पीटीओ शाफ्टवरचं टोपण काढा. शाफ्टला सहा खाचा असतात. कोऱ्या शाफ्टवर सगळीकडे सारखा मळकट-तेलकट थर असतो. अवजार चाललेलं असेल तर प्रत्येक दात्याची एकच बाजू आरशासारखी चमकते, कारण जोर त्याच बाजूवर येतो. बोटाचं नख फिरवलं तर त्या बाजूला बारीक पायरी लागते. मग खालच्या लिंकच्या गोळ्यांमधला रंग बघा, पिन घासलेली असेल तर तो आतून गेलेला असतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 1425 म्हणजे 2025 सालचा चौदावा आठवडा. चारही टायर, बॅटरीवरचा शिक्का आणि फॉर्म 21 वरचा उत्पादनाचा महिना-वर्ष एकमेकांशी जुळायला हवेत. अशा ट्रॅक्टरची पहिली पन्नास तासांची ऑइल बदली बहुधा झालेलीच नसते. सुरुवातीला गिअर एकमेकांत बसताना लोखंडाचा बारीक कीस तेलात उतरतो, आणि तेच तेल पुढे शंभर तास फिरतं. खरं नुकसान ते आहे, रंगाचा प्रश्न दुय्यम.

अनुदानाबद्दल थोडक्यात. "सबसिडीचं आम्ही बघतो, तुम्ही गाडी न्या" यावर ट्रॅक्टर उचलू नका. महाडीबीटीवर अर्ज, निवड, कागदपत्रं, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान येत नाही. ते तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होतं, शोरूममध्ये आधी वजा करून मिळत नाही. मोबाइलवर फिरणारी 'प्रधानमंत्री किसान ट्रॅक्टर योजना' बनावट असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबीने सांगितलेलं आहे. तिथे नोंदणी फी भरली असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

फसवणूक झालीच असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला तक्रारीची फी 200 रुपये आहे, मुदत दोन वर्षं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण तिथे कागद लागतो. म्हणून प्रत्येक रक्कम बँकेतून द्या, 'ॲक्सेसरीज'चंही जीएसटी बिल मागा, आणि डिलिव्हरी चलनावर सही करण्याआधी मीटरचा, चेसिस प्लेटचा, पीटीओ शाफ्टचा फोटो काढा. काही कमी असेल तर ते चलनावरच हाताने लिहा.

या तक्रारीनेही सुटत नाही ते जुन्या ट्रॅक्टरचं नाव. एक्स्चेंजला देताना कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर, सह्या घेतात. आत कोणाचं नाव, कोणती तारीख, काहीच नसतं. ट्रॅक्टर एजंटकडून दुसऱ्या तालुक्यात जातो, तिथून तिसऱ्याकडे, आणि आरसी तुमच्याच नावावर राहते. ट्रॉलीखाली कोणी आलं आणि विमा संपलेला असेल, तर भरपाईची नोटीस नोंदणीकृत मालकाला येते. गाडी मध्ये कितीही हातांतून विकली गेली असली तरी जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. चोरट्या वाळूत ट्रॅक्टर पकडला गेला तर तहसीलचा कागदही तुमच्याच पत्त्यावर येतो.

म्हणून फॉर्म 29 आणि 30 भरलेले असल्याशिवाय सही नाही, घेणाऱ्याचं नाव-पत्ता-आधारची प्रत घेतल्याशिवाय चावी नाही. जुन्यावर बँकेचा बोजा असेल तर आधी फॉर्म 35 ने तो उतरवा. विक्री झाल्यापासून चौदा दिवसांत फॉर्म 29 आरटीओला द्यायचा असतो. तो शोरूमवर न सोपवता आपण स्वतः द्या आणि पोच घ्या. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती शोरूमच्या शिक्क्यासह ठेवा. त्यानंतर एमपरिवहन ॲपवर दर आठ-पंधरा दिवसांनी तो नंबर टाकून बघत राहा, मालकाच्या रकान्यात दुसरं नाव दिसेपर्यंत.