पिस्तूल रोखल्यावर काय होतं? बंदुकांच्या नियमांसाठी चार खेळ समोरासमोर

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन फाशांनी खेळायच्या कथेत, बंदुका आणायच्या म्हटलं की बहुतेक जण आधी डॅमेजचा, म्हणजे किती इजा होते त्याचा, तक्ता उघडतात. पिस्तुलाला किती फासे, रायफलला किती, शॉटगनला किती. तक्ता लागतोच, पण त्यावरून खेळ निवडू नका. मी एकच प्रसंग लावून बघतो. दारात पहारेकरी उभा आहे, तीस फुटांवरून त्याने हत्यार रोखलंय आणि म्हणतोय, ‘हात वर’. खेळाडू हात वर करतात, की ‘एकच गोळी ना? घुसतो मी’ म्हणून पुढे पळतात? आपल्याला वाटतं ते खेळाडूंच्या स्वभावावर आहे. पण बऱ्याचदा ते नियमांनीच ठरवलेलं असतं.

सुरुवात ‘डी अँड डी’ (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पासून, कारण बहुतेकांचं टेबल तिथेच आहे. पाचव्या आवृत्तीत बंदुका आल्या त्या २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, पर्यायी नियम म्हणून. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकात पिस्तूल आणि मस्केट सरळ शस्त्रांच्या मुख्य यादीत जाऊन बसले. पिस्तूल १डी१० (दहा बाजूंचा एक फासा), मस्केट १डी१२. पहारेकऱ्याला डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) +३ दिले तर त्याची एक गोळी सरासरी ८.५ डॅमेज करते. समोर पाचव्या लेव्हलचा फायटर (लढवय्या पात्र), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +२, हिट पॉइंट (पडेपर्यंत सोसता येणारं डॅमेज) ४४. त्याला पाडायला पाच-सहा गोळ्या लागायला हव्यात, आणि त्यातली प्रत्येक आधी आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ओलांडून आली पाहिजे. तो घुसणारच, आणि त्याचा हिशेब बरोबरच आहे.

उलट बंदूक घेणाऱ्या खेळाडूचं नुकसान होतं. लाँगबो ५० सुवर्णमुद्रांना मिळतो, मस्केट ५०० ला. लाँगबोचा साधा पल्ला १५० फूट, मस्केटचा ४०. त्यात मस्केटला ‘लोडिंग’ची अट असल्यामुळे एका अ‍ॅक्शनमध्ये एकच बार निघतो. पाचव्या लेव्हलला फायटर दोन बाण सोडून सरासरी १५ डॅमेज करतो, मस्केटवाला ९.५. म्हणजे दहापट पैसे मोजून कमी मिळालं. ‘गनर’ फीट (पात्राने निवडायची खास क्षमता) घेतलं की लोडिंगची अट जाते, पण बंदूक वापरण्यासारखी व्हावी म्हणून एक फीट खर्च करायचं, हा सौदा मला पटत नाही.

त्या गाइडमधला आधुनिक शस्त्रांचा तक्ता बरा आहे. रिव्हॉल्व्हर आणि ऑटोमॅटिक रायफल २डी८, शिकारीची रायफल २डी१०. त्यातला बर्स्ट फायरचा नियम तर मला सगळ्यात आवडतो. दहा गोळ्या खर्च करा, दहा फुटांचा चौकोन निवडा, त्यातल्या प्रत्येकाने डीसी १५ चा डेक्स सेव्ह करायचा (वाचण्यासाठी चपळाईचा रोल, १५ गाठायचे), चुकला त्याला लागलं. ना वेगवेगळे अटॅक रोल, ना हिशेब. जाता जाता ‘पाथफाइंडर’च्या पहिल्या आवृत्तीचंही सांगतो. तिथे २०११ पासून जुन्या बंदुकांची गोळी जवळच्या पल्ल्यात चिलखत मोजतच नाही, टच एसी (चिलखत वगळून उरलेला आर्मर क्लास) बघते. कल्पना छान आहे, पण गनस्लिंगरचा (बंदूकवाल्या पात्राचा) नेम जवळपास दरवेळी लागतो आणि जीएमचे (खेळ चालवणाऱ्याचे) ड्रॅगन बिचारे उघडे पडतात.

आता तोच पहारेकरी ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत उभा करू. पिस्तुलाचा आकडा तोच आहे, .३८ रिव्हॉल्व्हर, १डी१०. फरक गोळी खाणाऱ्यात आहे. कॉन (काटकपणा) ५०, साइझ (देहाचा आकार) ६५ अशा चारचौघांसारख्या माणसाचे हिट पॉइंट ११ भरतात आणि अनुभव वाढला म्हणून ते वाढत नाहीत. एकाच फटक्यात निम्मे किंवा जास्त गेले की मेजर वूंड (गंभीर जखम). म्हणजे १डी१० वर ६ किंवा वर आलं, लागलेल्या दर दोन गोळ्यांपैकी एकीला, की माणूस खाली पडतो आणि शुद्धीवर राहायलाही कॉनचा रोल करावा लागतो. नेमबाजाला एक्स्ट्रीम यश (फारच चांगला रोल) आलं तर गोळी आरपार: पूर्ण १० आणि वर आणखी १डी१०. तेवढ्यात ११ पॉइंटांचा माणूस एक तर जागीच जातो नाही तर मरणपंथाला लागतो. दहा यार्डांच्या आतली बारा बोअर शॉटगन ४डी६ करते, सरासरी १४. तिथे चर्चाच संपली.

शिवाय हत्यार आधीच रोखलेलं असेल तर नेमबाजाच्या डेक्समध्ये ५० मिळवून क्रम लागतो, त्यामुळे तुम्ही पळत सुटलात तरी गोळी आधी. गोळीला डॉज (अंग चुकवणं) नाही. फार तर आडोशाला झेप घेता येते. ती जमली तर नेमबाजाला पेनल्टी डाइस (रोल अवघड करणारा जादा फासा) बसतो, पण तुमचा पुढचा हल्ला जातो. या टेबलावर खेळाडू हात वर करतात. कोणी सांगावं लागत नाही.

एक गंमत पाहा. रिव्हॉल्व्हरमधून एका फेरीत तीन गोळ्या झाडता येतात, पण प्रत्येकीला पेनल्टी डाइस. ५० टक्के कौशल्याच्या माणसाची एक गोळी लागायची शक्यता ५० टक्के. तीन झाडल्या तर प्रत्येकीची साधारण २५. तरी तिन्हींतली एक तरी लागण्याची शक्यता ५८ च्या आसपास जाते. म्हणजे घाबरून चाप ओढत सुटणं किंचित फायद्याचं आहे, आणि भयकथेत पात्रांनी तसंच वागावं अशी आपली अपेक्षा असते. मोठ्या शस्त्रांसाठी याच कुळातल्या ‘डेल्टा ग्रीन’ने आणखी आखूड वाट काढली आहे: शस्त्राला लेथॅलिटीचे (मारकपणाचे) टक्के, डी१०० (दोन दहाबाजू फाशांचा शंभरपर्यंतचा रोल) त्याच्या आत आला तर माणूस संपला, नाही तर दोन्ही फाशांची बेरीज हे डॅमेज. मशीनगनसाठी इतका चटपटीत नियम दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

‘गर्प्स’ची चौथी आवृत्ती ज्यांना आवडते त्यांना ती आधीच आवडत असते, म्हणून थोडक्यात. फेरी एका सेकंदाची. ९ एमएम पिस्तूल २डी+२, सामान्य माणसाचे हिट पॉइंट १०. एक गोळी सरासरी नऊ नेते. माणूस पडू शकतो, सुन्न होतो, पण मरणाचा पहिला रोल हिट पॉइंट उणे दहावर गेल्यावर येतो. पडणं आणि मरणं यांत एवढं अंतर ठेवणारा या चौघांत हाच. खरी मजा नेम धरण्यात आहे. कौशल्य १२ चा माणूस दहा यार्डांवर, म्हणजे आपल्या तीस फुटांवर, घाईत चाप ओढतो तेव्हा अंतराचे उणे ४ लागून तीन फाशांत ८ किंवा कमी पाडायचे असतात: २६ टक्के. एक सेकंद नेम धरला तर अ‍ॅक्युरसीचे (शस्त्राच्या अचूकतेचे) २ मिळून तेच ५० टक्के होतात. किंमत इतकीच की तो सेकंद समोरच्यालाही मिळतो. मात्र अंतर, आकार, हालचाल, रिकॉइल (बंदुकीचा धक्का), गोळ्यांची संख्या हे सगळं जीएमला तोंडपाठ हवं, नाही तर दर गोळीला पानं उलटत बसावं लागतं. विकत घेण्याआधी ३२ पानांचं ‘गर्प्स लाइट’ फुकट मिळतं ते चाळा. त्यातच कंटाळा आला तर उत्तर मिळालं.

‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ मात्र पहारेकरी आणि नायक यांना एका तराजूत तोलतच नाही. रिव्हॉल्व्हर २डी६, सहा पडला की फासा पुन्हा फेकून बेरीज. टफनेस (चिवटपणा) ५ चा किरकोळ माणूस, ज्याला इथे एक्स्ट्रा म्हणतात, एका जखमेत बाद होतो. लागलेल्या गोळीने तसं व्हायची शक्यता साधारण ३८ टक्के, पुष्कळदा तो नुसता ‘शेकन’ (हादरलेला) होतो. नायकाला तीन जखमा सोसतात, वर हातात बेनी (रोल पुन्हा करायला वगैरे खर्चायच्या चकत्या) असतात. म्हणून नायक घुसतात, गुंड घाबरतात, आणि सिनेमात असंच असतं. पण आपल्या प्रसंगासाठी इथे खास नियम आहे: ‘द ड्रॉप’. समोरचा पूर्ण माऱ्यात असेल तर नेमाला +४ आणि डॅमेजलाही +४. मग तीच गोळी ८३ टक्के वेळा जखम करते, नायकालासुद्धा. खेळाडूंना हा नियम आधीच सांगून ठेवा, म्हणजे रोखलेल्या पिस्तुलासमोर तेही दोन क्षण थांबतात.

गोळ्या मोजण्याचं काम कोणालाच आवडत नाही. ‘ब्लॅक हॅक’ या खेळाचा यूसेज डाइस (साठा मोजणारा फासा) यापैकी कुठल्याही खेळात उचलून ठेवता येतो: चकमक झाली की फासा फेका, १ किंवा २ आला तर फासा एक पायरी लहान, डी४ वर आला तर काडतुसं संपली.

लढाईपेक्षा दुसरा दिवस बघा, असंही मी म्हणेन. डी अँड डी मध्ये एक लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली की गोळ्या लागलेला माणूस सकाळी ठणठणीत. कथुलूत मेजर वूंड आठवड्यांच्या हिशेबाने भरते, सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये आपोआप भरायचा रोल पाच दिवसांतून एकदा. कथा तपासाची असेल, चार दिवसांत काही तरी गाठायचं असेल, तर जखमी जोडीदाराला सोबत न्यायचं की मागे ठेवायचं हा प्रश्न तिथे आपोआप उभा राहतो.

शिवकाळातला किंवा पेशवाईतला डाव रचायचा असेल तर गणित बदलतं. तोड्याची किंवा ठासणीची बंदूक म्हणजे एक बार, मग तलवार. दारू, गोळी, गज हे सगळं हातघाईत कोण करणार? डी अँड डी ची फेरी सहा सेकंदांची, त्यात दर फेरीला मस्केटचा बार काढला तर मिनिटाला दहा होतात. कवायती फौजेतला तयार शिपाईसुद्धा चकमकीची बंदूक मिनिटाला दोन-तीनदाच उडवायचा. ‘लढाईत एकदाच’ असा घरचा नियम केलात तर काम भागतं. गर्प्समध्ये भरण्याचा वेळ सेकंदांतच दिलेला असतो, त्यामुळे तिथे काहीच करावं लागत नाही. पावसात तोडा विझण्याचं मात्र कुठेही तुम्हालाच लक्षात ठेवावं लागेल.

माझी निवड विचाराल तर: तपास, भीती, कमी मारामारी असेल तर कथुलू. हाणामारी भरपूर आणि वेळ एका संध्याकाळचाच असेल तर सॅव्हेज वर्ल्ड्स. टेबलावरचे सगळे आकड्यांत रमणारे असतील तरच गर्प्स. आणि डी अँड डी चा डाव वर्षभर चालू आहे, त्यातच बंदुकीचा धाक हवाय? रोखलेल्या पिस्तुलाची गोळी थेट क्रिटिकल (फासे दुप्पट) धरून बघा. २डी१०+३, सरासरी १४. ४४ पॉइंटांच्या फायटरला तरीही चार गोळ्या लागतात. तिथे फासे वाढवत बसू नका. त्या पात्रांना राहू द्या, एखाद्या शनिवारी कथुलूचा फुकट मिळणारा क्विक-स्टार्ट (सुरुवातीची छोटी पुस्तिका) घेऊन वेगळा डाव लावा, तयार पात्रं वाटा आणि प्रत्येक कागदावर हिट पॉइंटचा आकडा जाड अक्षरात लिहा.