बंड्याचा कान, वीस दिवस आणि लाइफटाइम विमा : सतरा महिन्यांनंतर

काल खात्यात 63 पौंड आले. बिल 162 चं होतं, 99 एक्सेसमध्ये, म्हणजे क्लेममधल्या आपण स्वतः सोसायच्या वाट्यात गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हिशोब. कुत्र्याच्या या विम्याबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत मी दोनदा सुरुवात करून सोडून दिलं होतं, कारण दोन्ही वेळा मत निराळं होतं. आता तिसरं आहे, तेवढं लिहून टाकतो.

बंड्या म्हणजे आमचा कॉकर स्पॅनियल. वय पावणेदोन, कान पाण्याच्या भांड्यात बुडतील एवढे लांब. आम्ही मिल्टन कीन्सला असतो. इथे दवाखान्यात कुत्र्याला मालकाच्या आडनावासकट पुकारतात. ‘बॅंडिया कलकानी’ अशी हाक आली की सगळी वेटिंग रूम वळून बघते आणि बंड्या सोडून आम्ही दोघंच उठतो.

विम्याचे प्रकार बहुतेकांना माहीत आहेत, म्हणून त्यात शिरत नाही. नुसत्या अपघाताचा, बारा महिन्यांत संपणारा, दर आजाराला एकदाच ठरावीक रक्कम देणारा, आणि लाइफटाइम, म्हणजे रिन्युअल झालं की खर्चाची मर्यादा पुन्हा भरते तो. ब्रिटनमध्ये माणसांना एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा आहे, कुत्र्यांना नाही, आणि स्पॅनियलचे कान व त्वचा हे जन्माचं दुखणं. त्यामुळे लाइफटाइमच घ्यायचा यावर घरात वाद नव्हता. वाद होता तो कुणाचा घ्यायचा यावर, आणि तो मी माझ्याशीच घातला.

एक्सेल शीट केली. अकरा पॉलिसी, चौदा रकाने. वर्षाची मर्यादा 4,000 की 7,000 की 12,000, ती सगळ्या आजारांना मिळून की दर आजाराला वेगळी, एक्सेस किती, दातांचं काय, कुत्रा कुणाला चावला तर नुकसानभरपाई किती, आठव्या वर्षानंतर बिलातला किती टक्के आपल्या माथी. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन इथे चार-पाच हजार पौंडांना सहज जातं, म्हणून 4,000 वाल्या सगळ्या उडवल्या. शेवटी 7,000 ची, एक्सेस 99, महिना 31.40 पौंड अशी निवडली. त्यात 12 टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स आलाच. फार समाधानाने शीट बंद केली.

त्या शीटमध्ये पंधरावा रकाना नव्हता. तारखेचा.

झालं असं. पिल्लू 18 मे 2024 ला घरी आलं तेव्हा ब्रीडरने चार आठवड्यांचा फुकट विमा दिला होता. ही इथली नेहमीची पद्धत आहे. मुदत संपायच्या आत त्याच कंपनीची पॉलिसी घेतली असती तर मध्ये खंड पडला नसता आणि आजारपणासाठीचे सुरुवातीचे चौदा दिवसही थांबावं लागलं नसतं. पण त्यांचा दर महिन्याला 6 पौंड 20 पेन्स जास्त होता. मी म्हटलं, घाई कसली, नीट तुलना करू. फुकटचा विमा 15 जूनला संपला, माझी पॉलिसी 6 जुलैला सुरू झाली. मधले वीस दिवस बंड्या विनाविमा हिंडत होता आणि मी रकाने रंगवत होतो.

त्या वीस दिवसांत, 27 जूनला, आम्ही त्याला वजन करायला आणि जंताच्या गोळीसाठी नेलं. व्हेट मुलगी गोड होती, गप्पा मारत तपासत होती. ‘आणखी काही?’ तिने विचारलं. आता आपल्याला काही विचारलं की काहीतरी सांगायची सवय. मी म्हटलं, हल्ली दोन-तीनदा कान झटकतो. तिने बॅटरी लावून बघितलं, काही विशेष नाही म्हणाली, आम्ही घरी आलो.

पुढे मार्च 2025. तळ्यात पोहून आल्यावर चार दिवसांत बंड्याचा उजवा कान कुजल्यासारखा वास मारू लागला. त्या वासाचं वर्णन करायचं तर आंबलेल्या पिठाच्या डब्यात ओले मोजे ठेवल्यासारखा. डोकं एका बाजूला कलतं करून तो भिंतीला कान घासायचा आणि भिंतीवर तपकिरी रेघा उठायच्या. स्वॅब, गुंगीचं इंजेक्शन देऊन कान धुणं, थेंब, पुन्हा तपासणी : 430 पौंड. मी बिल भरलं आणि रुबाबात क्लेम टाकला. याचसाठी केला होता ना अट्टहास.

तीन आठवड्यांनी नकार. कारण : पॉलिसी सुरू होण्याआधी लक्षण दिसलं होतं. मी दवाखान्याकडून बंड्याची सगळी केस हिस्टरी मागवली. सहा पानं. दुसऱ्या पानावर ती ओळ होती. मराठीत सांगायचं तर : ‘कान झटकतो असं मालक सांगतात. आत किंचित लालसर. लक्ष ठेवणे.’ बस्स. या तीन तुकड्यांवर 331 पौंड अडले.

ती ओळ मी एवढ्या वेळा वाचली की बायकोने तो कागद फ्रिजवर लावायची धमकी दिली. ‘मालक सांगतात’ हे शब्द विशेष टोचले. मालक कशाला सांगतात? मालकाने गप्प बसायला काय झालं होतं? बायकोचं म्हणणं थोडक्यात होतं, ‘बोललास तूच. आणि सहा पौंड वाचवायला कोण गेलं होतं?’ दात कोरून पोट भरत नाही हे माझी आजी मिरजेला रोज म्हणायची, त्याचा अर्थ असा हप्त्याहप्त्याने कळतो.

मग मी तक्रार लिहिली. माझा मुद्दा बिनतोड होता : त्या नोंदीत कुठला कान ते लिहिलेलंच नाही! मार्चमधला आजार उजव्या कानाचा. जूनमध्ये झटकला तो डावा असेल तर? दीड पान याच मुद्द्यावर खर्च केलं. फोनवरच्या बाईने शांतपणे पॉलिसीतलं एक कलम वाचून दाखवलं. शरीराचे जे अवयव दोन असतात, कान, डोळे, गुडघे, ते विम्याच्या दृष्टीने एकच. हे कलम बऱ्याच कंपन्यांकडे असतं, फक्त कुणी वाचत नाही. एका गुडघ्याची तक्रार आधी नोंदली गेली असेल तर उद्या दुसरा गेला तरी तोही जुनाच धरतात. माझ्या चौदा रकान्यांत हेही नव्हतं.

त्या रात्री मी पहिला मसुदा लिहिला होता. पाचपैकी एक तारा, आणि तोही द्यावाच लागतो म्हणून.

मत बदललं ते व्हेटमुळे. आमचा दवाखाना तसा साखळीवाल्यांचा आहे, दारावर फक्त जुनं नाव ठेवलंय. इथल्या स्पर्धा-नियामकाच्या, म्हणजे सीएमएच्या म्हणण्याप्रमाणे 2013 मध्ये जेमतेम 10 टक्के दवाखाने मोठ्या समूहांकडे होते, आता 60 टक्क्यांच्या घरात आहेत. मे 2024 मध्ये त्यांची रीतसर चौकशी सुरू झाली. तेव्हा इथे पत्रालाही पैसे लावतील असं धरून चाललो होतो. त्याच गोड मुलीने एक पैसा न घेता पत्र दिलं : जूननंतर तीन भेटींत दोन्ही कान तपासले, स्वच्छ होते, औषध लागलं नाही, मार्चचा संसर्ग नवा आणि पाण्यामुळे झालेला. त्या तीन भेटींची नोंद त्याच सहा पानांत होती. मी मात्र दुसऱ्या पानापुढे गेलोच नव्हतो.

पाच आठवड्यांत 331 पौंड मिळाले, वर माफीचं पत्र. कुणाचं अडलं असेल तर सांगून ठेवतो : कंपनीला तक्रारीवर अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे असतात, त्यानंतर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे जाता येतं, आपल्याला एक पेनीही पडत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. मला तिथवर जावं लागलं नाही. भांडण पूर्ण रंगात आलं नाही याची थोडी हळहळही वाटली. दुसऱ्या मसुद्यात साडेचार तारे होते.

तो टाकणार तेवढ्यात जुलैचं रिन्युअल आलं. 31.40 चे 44.85. सरळ 43 टक्के वाढ. मी लगेच शीट उघडली, आणि तिथे घोडं अडलं. आता कान खरोखरच जुना आजार झाला होता. नवी कंपनी कान आणि कदाचित त्वचाही वगळूनच विमा देणार. स्पॅनियलचा विमा कान वगळून घेणं म्हणजे कोकणात पाऊस वगळून छत्री घेणं. 1 जानेवारी 2022 पासून इथे घराच्या आणि गाडीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावता येत नाही, पण कुत्र्यामांजरांचा विमा त्या नियमात नाही. म्हणजे लाइफटाइम हा शब्द त्यांच्यापेक्षा आपल्यालाच जास्त बांधतो. मुकाट्याने पैसे भरले.

आतापर्यंतचा हिशोब : भरले 601 पौंड 5 पेन्स, परत आले 394. बायको म्हणते विम्यात असा हिशोब करायचा नसतो, गुडघा गेला तर कळेल. बरोबर आहे तिचं. तरी मी करतो. साडेतीन तारे. अर्धा तारा त्या फोनवरच्या बाईला, तिने एकदाही आवाज चढवला नाही. आणि पिल्लू आणणाऱ्यांना एकच सांगणं : फुकटचा विमा संपायच्या आदल्या दिवशी तरी काहीतरी घ्या, दोन-चार पौंड जास्त गेले तरी जाऊ देत, आणि पुढची तुलना करायचीच असेल तर पिल्लाला काही होण्याआधी उरका.

नोव्हेंबरात कान पुन्हा आला, त्याचेच हे 63. त्या भेटीत बॅटरी बंद करून व्हेट मुलीने नेहमीसारखं विचारलं, ‘आणखी काही?’ मी ठामपणे नाही म्हटलं. बायकोने माझ्याकडे एक नजर टाकली आणि तिला सांगितलं की हल्ली रात्री पंजा चाटत बसतो, लाल झालाय. नोंद झाली. पंजा म्हणजे बहुधा ॲलर्जी, ॲलर्जी म्हणजे वेगळा आजार, वेगळा आजार म्हणजे आणखी 99. पण पंजा कुठला ते यावेळी मी समोर उभं राहून लिहून घेतलं : मागचा, डावा.