आयडलिंगचा आवाज की पिकअप : इंजिन ट्यून करण्यापूर्वी

ट्यूनिंगसाठी गॅरेजमध्ये जाणारा गाडीमालक बहुधा दोन गोष्टी एका दमात मागतो : आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असतानाचा, आवाज अडखळता, भारदस्त यावा आणि पिकअपही वाढावा. रेसिंगच्या गाड्यांत या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात, हे खरे. परंतु तिथे तो आवाज म्हणजे ताकदीसाठी मोजलेली किंमत असते.

रेसिंगच्या कॅमशाफ्टमुळे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यामुळे) मिश्रण आत घेणारे इनटेक आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक काळ एकत्र उघडे राहतात. ६,००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे, बाहेर पडणाऱ्या वायूच्या ओढीने सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे ताजे मिश्रण जास्त भरते आणि ताकद वाढते. मात्र ८००च्या आसपास आयडलिंग चालू असताना जळालेला वायूच त्या मिश्रणात मिसळतो, काही ठिणग्या वाया जातात आणि इंजिन अडखळते. ज्यांना केवळ आवाजच हवा असतो, त्यांच्यासाठी ट्यूनर कॅमशाफ्टला हात न लावता ईसीयूमधले (इंजिन चालवणाऱ्या संगणकातले) आयडलिंगचे स्पार्क टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागेपुढे करून या अडखळण्याची नक्कल उभी करतो. त्याने एक हॉर्सपॉवरही वाढत नाही. शिवाय अमेरिकन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनाची गुरगुर त्याच्या क्रँकशाफ्टच्या रचनेतून येते. आपल्या तीन-चार सिलिंडरच्या हॅचबॅकमधून ती निघत नाही, निघते ती ‘गाडी मिसिंग मारतेय’ अशी शंका.

अशी ट्यून केलेली एका मित्राची गाडी मी संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याच्या कापूरबावडीहून घोडबंदर रोडने नेली होती. आरपीएमचा काटा ६०० ते १,००० असा झुलत होता, कप होल्डरमधल्या बाटलीतले पाणी थरथरत होते आणि एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की काटा आणखी खाली जाई. कासारवडवलीपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. ज्या रस्त्यावर निम्मा वेळ आयडलिंगवरच जातो, तिथे नेमके तेच बिघडवून घेणे मला तरी पटत नाही. त्यात न जळालेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जळून तो तापतो, आणि पीयूसीच्या चाचणीत बीएस-४ व बीएस-६ पेट्रोल गाड्यांना आयडलिंगलाच कार्बन मोनॉक्साइडची ०.३ टक्क्यांची मर्यादा पाळावी लागते.

ताकदीसाठीच्या रिमॅपचा, म्हणजे ईसीयूचे प्रोग्रॅमिंग बदलण्याचा, हिशेब वेगळा आहे. टर्बो इंजिनात बूस्ट (सिलिंडरमध्ये ढकललेल्या हवेचा दाब) वाढवता येत असल्याने, पेट्रोल असो वा डिझेल, २० ते ३० टक्के वाढ मिळू शकते आणि खंडाळ्याच्या चढावर, भरल्या गाडीतही ती जाणवते. टर्बो नसलेल्या १.२ लिटरच्या इंजिनात मात्र फरक इतका थोडा पडतो की त्या पैशांत चांगले टायर घ्यावेत. टर्बो गाडीतही क्लचवर ताण येतो, उष्णता वाढते आणि कंपनी वॉरंटी नाकारू शकते. पण आयडलिंग जागच्या जागी राहते, आणि रोजच्या वापरात मला तेच महत्त्वाचे वाटते.

आवाजाचीच हौस असेल, तर सायलेन्सर बदलण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे कलम १९०(२) वाचावे : आवाजाची मर्यादा ओलांडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. टर्बो गाडीचा रिमॅप ठरलाच, तर आधी क्लच तपासून घ्यावा, कामाच्या आधीचा आणि नंतरचा डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख एकाच दिवशी काढून घ्यावा, आणि ईसीयूची मूळ फाइल पेन ड्राइव्हमध्ये हाती पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.