स्कॅननंतर रिकामी दिसलेली २ टीबीची हार्ड डिस्क: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा रिव्ह्यू दोन वस्तूंचा मिळून आहे: २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि वर्षभराचं लायसन घेतलेलं अँटीव्हायरस. नावं मुद्दाम देत नाही. स्पीड, वजन, वॉरंटी सगळीकडे छापलेलं असतं, तेही पुन्हा सांगत नाही. सात महिने कसलीच तक्रार नव्हती. आठव्या महिन्यात डिस्क झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लागली आणि घरी आल्यावर स्कॅन झाली. '१४ धोके काढून टाकले' असा हिरवा मेसेज आला. डिस्क उघडली तर आत एकही फोल्डर नाही.

अशा वेळी पहिला राग डिस्कवर निघतो. मीही एक स्टार द्यायचं ठरवलं होतं. पण शिव्या देण्याआधी आणि रिकव्हरीवाल्याला हजारो रुपये मोजण्याआधी एकच गोष्ट बघा. डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि वापरलेली जागा किती दिसते ते वाचा. इथे ६१२ जीबी दिसत होती. (२ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबीच दिसते, त्यात बिघाड काही नाही.) फोल्डर एकही नाही आणि जागा मात्र भरलेली, याचा अर्थ फाइली जागेवर आहेत, फक्त झाकलेल्या आहेत.

झेरॉक्सच्या दुकानातून येणारा शॉर्टकट व्हायरस असाच वागतो. तो तुमच्या फोल्डरना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट समोर ठेवतो. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो, मग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. अँटीव्हायरसने ते शॉर्टकट उडवले, म्हणजे आपलं काम बरोबर केलं. पण मारलेले शिक्के पुसले नाहीत. म्हणून डिस्क रिकामी.

नुसतं 'हिडन आयटम्स' वर टिक करून भागत नाही, कारण सिस्टिमचा शिक्काही आहे. फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबवर 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ची टिक काढली की पुसट रंगात फोल्डर दिसू लागतात. शिक्के कायमचे काढायला कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि टाइप करा: ए-टी-टी-आर-आय-बी, स्पेस, वजा एच, स्पेस, वजा आर, स्पेस, वजा एस, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, एफ कोलन बॅकस्लॅश स्टार डॉट स्टार. एफच्या जागी तुमच्या डिस्कचं अक्षर. यातली 'स्लॅश डी' बहुतेक जण विसरतात, मग फाइली उघड्या होतात आणि फोल्डर झाकलेलेच राहतात. मध्ये 'अ‍ॅक्सेस डिनाइड' ची एखादी ओळ येते, ती विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरची, सोडून द्या. या व्हायरसच्या काही जाती सगळा माल बिननावाच्या फोल्डरात ढकलतात. त्याचं नाव म्हणजे एक न दिसणारी स्पेस असते. तो रिकामा समजून डिलीट करू नका. एफ२ दाबून नाव द्या आणि आतला माल बाहेर काढा.

एवढ्यावर ६१२ जीबी परत दिसले. हार्ड डिस्कबद्दलचं मत इथेच बदललं.

पण जुळणी केल्यावर तीन झिप फाइली खरंच गेलेल्या निघाल्या, आणि अँटीव्हायरसवर माझा राग आहे तो यासाठी. त्यातल्या एका ९ जीबीच्या झिपमध्ये जुन्या डीटीपीच्या (छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावण्याच्या) फाइली होत्या आणि सोबत मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचा सेटअप. अशी सॉफ्टवेअर दाबलेली प्रत्येक की मध्येच पकडून फॉन्टमधलं अक्षर टाकतात. स्कॅनरला ती पासवर्ड चोरणाऱ्या कीलॉगरसारखी दिसतात. संशय काही एमबीच्या सेटअपवर होता. पण झिपच्या आतली एक फाइल काढायची तर अख्खी झिप नव्याने बांधावी लागते. या स्कॅनरने तो खटाटोप केला नाही, पूर्ण झिपच उडवली. क्वारंटाइनच्या (संशयित फाइली डिलीट न करता कोंडून ठेवायच्या अँटीव्हायरसच्या जागेच्या) साइझ लिमिटमध्ये ती बसत नव्हती, म्हणून तिथेही गेली नाही. रीसायकल बिनमध्ये तर अशी फाइल येतच नाही. आणि हे सगळं 'रिपेअर, नाही जमलं तर डिलीट' या सेटिंगमुळे, जे इन्स्टॉल केल्यापासून आपोआप चालू असतं. बॅकअपची फाइल न विचारता डिलीट करण्याचा अधिकार कुठल्याही स्कॅनरला नसावा. इंटरफेस छान आहे, कॉम्प्युटर स्लो होत नाही, अपडेट रोज येतात, पण या एका सेटिंगपुढे त्याचं मला काही वाटत नाही. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर एवढंच की धोका यशस्वीपणे काढला आहे. कोणती फाइल गेली याची यादी अँटीव्हायरसच्या लॉगमध्ये (केलेल्या कामाच्या नोंदीत) चार क्लिक आत आहे. ती आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, पुढे लागते.

छोट्या फाइली क्वारंटाइनमध्ये होत्या. ते क्वारंटाइन सी ड्राइव्हवर असतं, बाहेरच्या डिस्कवर नाही. त्यामुळे व्हायरस आला म्हणून घाईने विंडोज फॉरमॅट केलंत तर त्या फाइलीही गेल्या. रिस्टोर मूळ पाथवर होतं. स्कॅनच्या वेळी डिस्कचं अक्षर 'एफ' होतं आणि आज 'जी' दिसतं, तर रिस्टोर फसतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून आधी तेच जुनं अक्षर द्या.

खरोखर डिलीट झालेल्यासाठी क्रम महत्त्वाचा. डिस्कवर एकही नवी फाइल टाकू नका, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं टूल) चालवू नका. एनटीएफएस फॉरमॅटमध्ये (डिस्कवर फाइली मांडायची विंडोजची पद्धत, डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसते) फाइल डिलीट झाली तरी तिचे तुकडे कुठे आहेत याची नोंद काही काळ टिकते. म्हणून आधी ती नोंद वाचणारं टूल वापरा. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी फुकट आहे, विंडोज १० च्या '२००४' व्हर्जनपासून (हा व्हर्जनचा नंबर, वर्ष नाही) चालतं. कमांडमध्ये डब्ल्यू-आय-एन-एफ-आर, मग ही डिस्क, मग दुसरी डिस्क, स्लॅश रेग्युलर, स्लॅश एन आणि फोल्डरचा पाथ. पाथच्या शेवटचा बॅकस्लॅश विसरू नका. परत आलेला माल त्याच डिस्कवर घेऊ नका. डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएसऐवजी एक्सफॅट असेल तर रेग्युलरऐवजी एक्स्टेन्सिव्ह.

फोटोरेक हे दुसरं रिकव्हरी टूल शेवटी. ते नोंद न बघता अख्खी डिस्क चाळतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर परत येत नाहीत, आणि तुकड्यांत पसरलेली मोठी झिप बहुधा मोडकीच येते. सेकंदाला १०० एमबी धरले तर २ टीबीला साडेपाच तास, जुन्या यूएसबी २ पोर्टवर सोळाच्या आसपास. निळा (यूएसबी ३) पोर्ट वापरा, आणि केबलची डिस्कमध्ये जाणारी मायक्रो-बी ची ती रुंद पिन सैल असेल तर केबल आधी बदला, कारण पाचव्या तासाला डिस्क डिस्कनेक्ट झाली की पुन्हा पहिल्यापासून.

नऊ जीबीची झिप पूर्ण आली, दुसरी मोडकी, तिसरी गेली. याच जागी ट्रिम (डिलीट झालेल्या फाइलची जागा लगेच साफ करणारी सोय) चालू असलेली एसएसडी असती तर बहुतेक काहीच आलं नसतं. त्यामुळे बॅकअपला फिरती हार्ड डिस्कच घ्यावी असं आता ठाम मत आहे, स्वस्तही पडते.

डिस्कला चार स्टार, एक त्या पिनसाठी कापला. अँटीव्हायरसला दोन. काढलेलं नाही, पैसे भरलेत. पण 'धोका सापडल्यास मला विचारा' हे सेटिंग केलंय आणि आर्काइव्हच्या (झिपसारख्या फाइलींच्या) आत बघताना 'फक्त रिपोर्ट'. झेरॉक्सला आता अ‍ॅडॉप्टरमधलं एसडी कार्ड जातं, दुकानातल्या कॉम्प्युटरने त्यावर काही लिहू नये म्हणून कडेची लॉकची खिट्टी खाली सरकवून, आणि त्यात छापायची एकच पीडीएफ.