यंत्रमागाच्या खडखडाटातही खेळाचे नेटके रेकॉर्डिंग : ओबीएस स्टुडिओचे परीक्षण

संगणकावर खेळत असलेला खेळ मराठी समालोचनासह चित्रित करायचा असेल तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातील मुले मला नेहमी विचारतात. माझे उत्तर ओबीएस स्टुडिओ हेच असते. मात्र ते उतरवून घेऊन आहे तसे वापरले तर समाधान मिळत नाही. त्याची मूळ घडण थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी झालेली असल्यामुळे, केवळ रेकॉर्डिंग करणाऱ्याने सुरुवातीला शांतपणे बसून त्याची मांडणी आपल्या कामाजोगी करून घेतली पाहिजे.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात सांगतो. विंडोजमध्ये आधीपासूनच असलेला गेम बार विंडोज, ऑल्ट आणि आर ही बटणे एकत्र दाबताच रेकॉर्डिंग सुरू करतो आणि एखादा प्रसंग पटकन टिपण्यास पुरेसा आहे. परंतु तो एका वेळी एकच प्रोग्रॅम चित्रित करतो आणि डेस्कटॉप टिपत नाही. बँडिकॅमच्या मोफत आवृत्तीत चित्रावर त्यांचा शिक्का उमटतो आणि रेकॉर्डिंग दहा मिनिटांवर थांबते. एनव्हीडियाचे स्वतःचे साधन संगणकावर फार कमी ताण देते व चांगले आहे, पण त्यासाठी त्याच कंपनीचे ग्राफिक्स कार्ड लागते. ओबीएस मात्र विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, पूर्णपणे मोफत आहे, त्याचा कोड सर्वांना खुला आहे आणि त्यात ना शिक्का उमटतो ना वेळेची मर्यादा असते.

पहिल्यांदा उघडल्यावर ते आपणहून मांडणी करून देण्याची तयारी दाखवते; तेथे प्रक्षेपण नव्हे तर रेकॉर्डिंग हा पर्याय निवडावा. त्यानंतर काय टिपायचे ते जेथे ठरते त्या ‘सोर्सेस’ या चौकटीत, फक्त खेळ टिपणारे ‘गेम कॅप्चर’ घ्यावे. संपूर्ण पडदा टिपणारे ‘डिस्प्ले कॅप्चर’ सोपे वाटते, पण खेळताना कोणाचा निरोप पडद्यावर झळकला तर तोही चित्रित होतो, म्हणून ते मी कोणालाही सुचवत नाही. लॅपटॉपवर चित्राऐवजी काळा पडदा दिसला, तर बहुतेक वेळा खेळ एका ग्राफिक्स चिपवर आणि ओबीएस दुसऱ्या चिपवर चालत असते. विंडोजच्या ‘डिस्प्ले’ विभागातील ‘ग्राफिक्स’ या पानावर जाऊन दोन्हींना एकच चिप नेमून द्यावी.

चित्राचा दर्जा एन्कोडरवर, म्हणजे चित्र आकुंचित करून फाइलमध्ये साठवणाऱ्या यंत्रणेवर, ठरतो. एक्स२६४ हा एन्कोडर सगळे काम मुख्य प्रोसेसरकडून करून घेतो आणि त्याच प्रोसेसरची खेळालाही गरज असल्याने जुन्या संगणकावर खेळ अडखळू लागतो. ग्राफिक्स चिपमधील स्वतंत्र यंत्रणा, म्हणजे एनव्हीडियाचे एनव्हेंक, इंटेलचे क्विक सिंक किंवा एएमडीचा एन्कोडर, हे काम वेगळे उचलते. ती उपलब्ध असेल तर तीच निवडावी. बिटरेट (दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती) ठरावीक न ठेवता दर्जा स्थिर ठेवणारी सीक्यूपी पद्धत घ्यावी आणि आकडा २० च्या आसपास ठेवून पाहावा; आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. सेकंदाला सरासरी ४० मेगाबिट लागले तर एका तासाची फाइल सुमारे १८ जीबीची होते, हे ध्यानात घेऊन डिस्कवर जागा मोकळी ठेवावी. चित्र तुटक येत असेल तर ‘स्टॅट्स’ ही चौकट उघडावी. फ्रेम, म्हणजे चलचित्रातील एकेक स्थिर चित्रे, एन्कोडिंगमुळे गळत आहेत की ग्राफिक्स कार्डावरील भारामुळे, हे तेथे वेगवेगळे दिसते. दुसरे कारण असेल तर खेळाचा फ्रेमरेट सेकंदाला ६० वर रोखल्याने बहुधा सुधारणा होते.

आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. साध्या एमपी४ प्रकारात फाइल रीतसर बंद झाली नाही तर संपूर्ण रेकॉर्डिंग उघडेनासे होते. एमकेव्ही प्रकारात मात्र वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो. म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्येच करावे आणि नंतर ‘फाइल’ यादीतील ‘रीमक्स’ (चित्र तेच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलणारी सोय) वापरून त्याचे एमपी४ करून घ्यावे. यात चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही.

ओबीएसची खरी ताकद मला आवाजाच्या बाबतीत जाणवते. मराठीतून बोलणाऱ्या मुलाचे बोलणे नीट ऐकू आले नाही, तर चित्र कितीही सुबक असून काय उपयोग? येथे एका रेकॉर्डिंगमध्ये सहापर्यंत ध्वनिपट्टे ठेवता येतात. पहिल्यावर सर्व आवाज एकत्र, दुसऱ्यावर केवळ खेळाचा आणि तिसऱ्यावर केवळ माइकचा, अशी मांडणी ‘अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये करावी आणि ‘आउटपुट’मध्येही त्या तिन्ही पट्ट्यांवर खूण करावी. मग खेळातील स्फोटाने समालोचन दाबले गेले तरी संपादन करताना तेवढाच आवाज कमी करता येतो. वडगाव-खासबाग भागात दिवसभर यंत्रमाग चालू असतात. माइकला ‘नॉइज सप्रेशन’ हा फिल्टर लावून त्यात आरएनएनॉइज ही पद्धत निवडली की पंख्याची घरघर जवळजवळ नाहीशी होते. मागाचा ठोका मात्र पूर्णपणे जात नाही. त्यासाठी जोडीला ‘नॉइज गेट’ लावावे, म्हणजे आपण बोलत नसताना माइक आपोआप मिटतो. तरीही माइक तोंडाजवळ आणण्याइतका गुण कोणत्याही फिल्टरला येत नाही.

सीमाभागातील प्रेक्षकांसाठी आणखी एक सोय सांगण्याजोगी आहे. चित्रावर शीर्षक देताना मजकुराच्या सोर्सला विंडोजमधील निर्मला यूआय हा फाँट दिला, तर देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या त्याच एका फाँटमध्ये लिहिता येतात. शेजारच्या कन्नडभाषक मित्रांनाही शीर्षक वाचता यावे, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी ही सोय जरूर वापरावी.

उणीव सांगायची तर ओबीएसमध्ये कापणे-जोडणे मुळीच करता येत नाही. त्यासाठी शॉटकटसारखे दुसरे मोफत सॉफ्टवेअर वेगळे घ्यावे लागते. शिवाय सेटिंगची पाने इतकी दाट आहेत की नवख्या मुलाला पहिल्यांदा कोणाची तरी सोबत हवी. सोबतीला बसणाऱ्याने दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग करवून घ्यावे, ते हेडफोनवर त्याला ऐकवावे आणि मगच मोठा खेळ सुरू करू द्यावा.